अकरा वाजता, चाळीस फूट

समजा, तुम्ही होनोलुलूहून मंगळवारी निघालात. विमान दक्षिणेला तोंड करून तीन तास नुसत्या निळ्यावरून उडतं आणि खाली उतरता तेव्हा बुधवार लागलेला असतो. घड्याळाला हात लावावा लागत नाही. हवाईत दुपारचे दोन वाजले असतील तर इथेही दोनच. फक्त मधला एक दिवस कुणीतरी तुमच्या नकळत काढून घेतलेला.

हे प्रशांत महासागरातलं ख्रिसमस बेट. नकाशावर किरितिमाती लिहिलेलं असतं, तिथली माणसं किरिस्मस म्हणतात. (याच नावाचं, लाल खेकड्यांसाठी गाजलेलं बेट हिंदी महासागरात ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे, ते वेगळं.) हे बेट किरिबास या देशाचं, आणि त्या देशाची राजधानी तारावा इथून पश्चिमेला तीन हजारांहून जास्त किलोमीटरवर. पूर्वी आंतरराष्ट्रीय वाररेषा या देशाच्या मधूनच जायची. तारावात सोमवार उजाडला की इथे रविवार. दोन्हीकडच्या कचेऱ्या एकदम उघड्या असतील असे दिवस आठवड्यात चारच. शेवटी अध्यक्ष तेबुरोरो तीतो यांच्या सरकारने 1994 आणि 1995 च्या सांध्यावर पूर्वेकडच्या बेटांचा एक अख्खा दिवस गाळून टाकला आणि वाररेषा त्यांना वळसा घालून पलीकडे सरकवली. तेव्हापासून जगात नवी तारीख सगळ्यात आधी लागते ती इथे. आणि त्या गाळलेल्या तारखेला इथे कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही, कुणी मासा धरला नाही.

सरकारी हुकमाने दिवस पुढे ढकलता येतो, तर मागे जायला काय हरकत आहे? आज ओहोटी लागली की पाण्याबरोबर वर्षंही उतरू लागतील, एवढं एक धरून चला.

पहाटे लॉजच्या पडवीत चहा होतो. लॉज म्हणजे पत्र्याच्या छपराची बैठी इमारत, खोलीत पलंग, पंखा, आणि वीज असेपर्यंत गार हवा. ट्रकच्या मागच्या बाकड्यावर बसून तुम्ही लंडनच्या धक्क्याकडे जाता. हो, लंडनच. खाडीच्या तोंडापलीकडे पॅरिसही आहे, दक्षिणेला पोलंड आहे, आणि विमानतळाजवळच्या वस्तीचं नाव बनाना. रस्ता सरळ, रुंद, एवढ्याशा बेटाच्या मानाने फारच दणकट. तो कुणी आणि कशाला बांधला ते थोड्या वेळाने कळेलच.

जमिनीच्या क्षेत्रफळावर मोजलं तर प्रवाळबेटांमध्ये हे जगातलं सगळ्यात मोठं, 388 चौरस किलोमीटर. पण तुम्ही आलात ते जमिनीसाठी नव्हे. बेटाच्या पोटात प्रचंड लगून आहे आणि त्या लगूनमध्ये वाळूचे उथळ पट्टे पसरलेत, मैलच्या मैल. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत मध्ये खोल निळ्या वाटा. बाजूला तोललेल्या लाकडी दांड्याची होडी एका पट्ट्याच्या कडेला थांबते आणि गाईड मान हलवून खाली उतरायची खूण करतो. पाणी गुडघ्याइतकं, कोमट, ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं. भरती-ओहोटीतला फरक इथे मीटरभराच्या आतबाहेर. मुंबईत उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढलेलं पाहिलेल्या माणसाला ही ओहोटी ओहोटीच वाटत नाही. पण उथळ पट्ट्यावर वीतभर पाणी कमी झालं की माशांचं सगळं गावच हलतं.

तुमच्या हातात नऊ फुटांची काठी आहे, आठ नंबरची. आपल्याकडे गरवताना शिशाचा तुकडा दोरी पुढे ओढून नेतो. इथे आमिषाला वजनच नसतं. वजन असतं दोरीत. जाड, तरंगती, पिवळी दोरी हवेत मागे-पुढे उलगडायची आणि तिच्या टोकाचा दहा-बारा फुटांचा पारदर्शक तंगूस अलगद पाण्यावर टाकायचा. तंगुसाच्या टोकाला फ्लाय, म्हणजे गळावर दोरे, केस आणि चकाकती तार गुंडाळून केलेलं कोळंबीचं सोंग. आणि जाड दोरीच्या मागे रिळावर दीड-दोनशे यार्ड बारीक दोरा गुंडाळून ठेवलेला. एवढा दोरा कशाला, असा प्रश्न पहिल्या दिवशी पडतो. पहिला मासा लागल्यावर पडत नाही.

गाईड तुमच्या डाव्या खांद्याशी चालतो. साठी पार केलेला, अनवाणी, टोपीखाली मानेवर फडकं टाकलेलं. पाणी न ढवळता पाय कसा टाकायचा हे तो शिकवत नाही, नुसता तसा चालतो. मग एकाएकी हात आडवा करतो.

“थांबा. अकरा वाजता. चाळीस फूट. दोन आहेत, डावीकडे चाललेत.”

तुमचं नाक ज्या दिशेला ते बारा. अकरा म्हणजे थोडं डावीकडे. तुम्ही बघता. वाळू. पाण्यावरून सरकणाऱ्या उन्हाच्या जाळ्या. आणखी वाळू.

“मासा शोधू नका. सावली शोधा.”

बोनफिशच्या अंगाला रंग असा नसतोच. खवले आरशासारखे, खालच्या वाळूचाच रंग ते परत फेकतात. पाठीवरचे पुसट हिरवट पट्टे लाटांच्या सावल्यांत मिसळून जातात. डोळ्यांसमोर हातभर लांबीचा जिवंत प्राणी पोहत असतो आणि तुम्हाला तो दिसत नाही. फार तर त्याची सावली वाळूवरून सरकते, ती लपवायची सोय अजून त्याला झालेली नाही. पाण्यावरचं प्रतिबिंब मारणारा चष्मा, पाठीवरचं ऊन, गाईडचं बोट, एवढ्या सगळ्यांनी मिळून कुठे ती सावली तुमच्या ध्यानात येते. आणि एकदा आली की आतापर्यंत काय बघत होतो, असं होतं. पाच मासे आहेत. सहा. पलीकडे पाण्यावर उगाच शिरशिरी उठलीय तिथे तर थवाच असणार.

वारा उजवीकडून, म्हणजे पूर्वेकडून, दिवसभर तसाच. तुम्ही दोरी मागे टाकता, पुढे टाकता, सोडता. फ्लाय माशांच्या वाटेवर सहा फूट पुढे पडते आणि बुडते.

“राहू द्या... ओढा. लहान. लहान. थांबा. आलाय मागे... लांब ओढा!”

इथे काठी उचलायची नाही. ट्राउट मारून सवय झालेले गोरे हमखास काठी उचलतात आणि फ्लाय माशाच्या तोंडातून निसटते. दोरी हाताने सरळ मागे खेचायची, बस. तुम्ही खेचता. क्षणभर काहीच होत नाही, दोरी नुसती जड लागते. मग पायाशी वेटोळ्यांत पडलेली पिवळी दोरी एकदम उभी राहून कड्यांमधून निघून जाते, तिच्यापाठोपाठ बारीक दोरा, आणि रिळातून असा आवाज निघतो की दूरच्या पट्ट्यावर उभा असलेला दुसरा पाहुणाही मान वळवून बघतो. शंभर यार्ड. तुम्ही फक्त काठी धरून उभे असता. आता कळलं, दोरा कशाला ते.

दहा मिनिटांनी तो हाताशी येतो. दीड-दोन किलोचा असेल. गाईड त्याला पाण्याबाहेर काढत नाही. ओला हात पोटाखाली घालून नुसता तोलतो. तोंड खालच्या बाजूला वळलेलं, वाळू फुंकून खेकडे-कोळंब्या उकरायला सोयीचं. आत जिभेवर आणि टाळ्याला कठीण, दाणेदार फरशी, कवचं फोडायची. गाईड चिमट्याने गळ सोडवतो, माशाचं तोंड प्रवाहाकडे वळवून दोन क्षण धरतो आणि हात काढून घेतो.

बांगडा हातात आल्यावर कुणी पुन्हा पाण्यात टाकला, तर मालवणात त्याला आधी डॉक्टरकडे नेतील. एवढे पैसे, एवढा प्रवास, आणि मासा सोडून द्यायचा? हा प्रश्न अडाणी नाही. गाईडच्या आजोबांनीही तो विचारला असता. खरं सांगायचं तर धरून सोडणं हा भरल्या पोटाचाच खेळ आहे. खेळणाऱ्याने तेवढं कबूल करावं आणि मग खुशाल खेळावं.

पाणी पोटऱ्यांपर्यंत उतरलंय. चालत राहा.

हातातली काठी आता थोडी जड वाटते. चष्म्याच्या काचा तपकिरी झाल्यात. साल 1984. लॉज नाही, एकच हॉटेल आहे, कॅप्टन कुकच्या नावाचं, जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर. विमान आठवड्यातून एक. ते चुकलं की पुढचा आठवडा बेटावरच, आणि तसं झाल्याचं दुःख करणारा पाहुणा विरळा. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झालीत, 12 जुलै 1979 पासून. चलन मात्र ऑस्ट्रेलियन डॉलर. आणि या बेटावरचा आपला जुना हक्क अमेरिकेने गेल्याच वर्षी कायमचा सोडलाय.

अमेरिकी गळवाल्यांच्या मासिकांत या बेटाचं नाव नुकतंच छापून यायला लागलंय. तोवर बोनफिश म्हटलं की बहामा आणि फ्लोरिडा. तुमच्या डबीतली फ्लायही तिकडचीच. 1977 साली बहामातल्या अँड्रोस बेटावरचे गाईड चार्ली स्मिथ यांच्याबरोबर बॉब नाउहाइम नावाचा अमेरिकी पाहुणा मासे धरत होता. दोघांच्या नादातून ती जन्मली आणि पुढे क्रेझी चार्ली या नावाने कॅटलॉगांतून जगभर गेली. तिचे डोळे म्हणजे दिव्याच्या साखळीतले दोन मणी. त्या मण्यांच्या वजनाने गळ पालथा होतो, टोक वर राहतं आणि तळाच्या प्रवाळात अडकत नाही. साखळीचे दोन मणी, बस. माझ्या मते गेल्या शतकात मासेमारीत एवढ्या कमी खर्चात एवढी मोठी युक्ती दुसरी निघाली नसेल.

पंचविशीचा गाईड शेजारी चालतोय. तोच, मानेवर फडकं नाही एवढंच. या माशाला तो बोनफिश म्हणत नाही, इकारी म्हणतो. घरी जाळ्याने धरून खाल्लेला मासा. तो कुठल्या पाण्याला कुठल्या वाटेने चढतो, पौर्णिमेच्या सुमाराला थवे करून लगूनच्या तोंडाकडे कसा निघतो, हे सगळं त्याला काठी हातात येण्याआधीपासून पाठ. नवीन आहे ते फक्त घड्याळ. दिशा अशी तासांत सांगायची, अंतर फुटांत, हे पाहुण्यांकडून आलेलं. ते तो अजून मनाशी जुळवून बोलतो.

“दहा... नाही, साडेदहा.”

वर बघा, पक्षी कमी आहेत. दीड-दोन वर्षांपूर्वी, 1982 च्या नोव्हेंबरात, राल्फ आणि एलिझाबेथ श्रायबर हे अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ दांपत्य इथे उतरलं तेव्हा बेट जवळपास रिकामं होतं. एरवी इथे समुद्रपक्ष्यांची वस्ती कोटीच्या घरात. एल निन्योने समुद्राचं पाणी तापवलं, मासे आणि माकुळ खोल गेले किंवा निघून गेले, आणि पक्षी पिल्लांना घरट्यांत टाकून उडाले. 1984 च्या ऑगस्टात त्यांनी हे ‘सायन्स’मध्ये छापलं. अवघ्या बेटाने एका हंगामात वीण सोडून दिल्याची ती नोंद आहे. तुम्ही उभे आहात तेव्हा पक्षी परततायत, गटागटाने, जपून.

पाणी घोट्यापर्यंत. किनाऱ्याकडे वळा. काठी राहू द्या इथेच.

1962 लवकर ओलांडू. एप्रिल ते जुलै, अमेरिकेचे चोवीस अणुस्फोट, विमानातून टाकून हवेत फोडलेले, याच बेटाच्या आसपास. आंधळे झालेले पक्षी जमिनीवर अडखळत होते असं तिथले सैनिक पुढे सांगत राहिले.

थांबायचं ते 28 एप्रिल 1958 ला. तुम्ही विशीतले आहात, ब्रिटिश फौजेत, आणि नारळीच्या झाडांखाली तंबूत राहता. रात्री खेकडे बुटांत शिरतात. माश्या इतक्या, की छोटं विमान छावणीवरून डीडीटी फवारत जातं. सकाळी तुम्हाला किनाऱ्यावर रांगेत बसवतात, समुद्राकडे पाठ करून. लाऊडस्पीकरवर उलटी मोजणी चालू होते. डोळे मिटा. मुठी डोळ्यांवर दाबा.

मिटलेल्या डोळ्यांना उजेड दिसतो. बंद पापण्या, त्यावर मुठी, आणि त्या मुठींमधून तुम्हाला स्वतःच्या बोटांची हाडं दिसतात. तिथे बसलेल्या कितीतरी जणांनी म्हातारपणी हेच सांगितलं, वेगवेगळ्या गावांत, एकमेकांना न भेटता. मग पाठीवर ऊब, कुणी भट्टीचं दार उघडावं तशी नव्हे, थेट आतपर्यंत जाणारी. मग हुकूम मिळतो, वळा. आणि मग आवाज आणि वारा येतात. नारळी वाकतात, उभी माणसं आडवी होतात. या स्फोटाचं नाव ग्रॅपल वाय, जवळपास तीन मेगाटन. ब्रिटनने फोडलेला हा सगळ्यात मोठा बॉम्ब. बेटाच्या आग्नेय टोकापलीकडे, समुद्रावर, हवेत. त्याच्या आधी 1957 च्या नोव्हेंबरात एक झाला होता, नंतर सप्टेंबरपर्यंत आणखी चार. त्या दिवशी नंतर पाऊस पडला असं जवान सांगतात. सरकार मात्र किरणोत्सार नगण्य होता असं म्हणत आलं. फिजीचे जे जवान इथे होते, त्यांना भरपाई मिळाली ती शेवटी त्यांच्याच देशाकडून, 2015 मध्ये, ब्रिटन दाद देत नाही म्हणून.

आणि गाईडचे आईवडील? त्या काळात इथे खोबऱ्याच्या मळ्यात काम करणारी गिल्बर्टी, म्हणजे तारावाकडच्या बेटांवरची, कुटुंबं होती. स्फोटांच्या वेळी त्यांना बोटींवर नेऊन खाली पोटात बसवायचे आणि सिनेमे दाखवायचे. कार्टून बघताना बोट हादरली की समजायचं, झालं. या बेटाचा उल्लेख त्या काळच्या कागदांत ‘दूरचं’ आणि ‘निर्जनसं’ असा होई. कुणापासून दूर, हे त्या कागदांत लिहायची गरज भासली नाही. रुंद रस्ते, विमानाची धावपट्टी, आणि हॉटेलला मिळालेली जागा ही सगळी त्या फौजांची देणगी. गंजलेले ट्रक आणि पिंपं तर ब्रिटनने या शतकाच्या पहिल्या दशकात येऊन उचलली, तोवर तशीच पडून होती. तुमच्या पहाटेच्या दणकट रस्त्याचा हिशेब हा असा.

खोबऱ्याच्या मळ्याचा हिशेब एमान्युएल रुजिए या फ्रेंच पाद्र्याकडे. त्याने 1917 मध्ये बेट भाड्याने घेतलं आणि आठ लाख नारळ लावले. पाऊस दगा देणाऱ्या बेटावर आठ लाख नारळ! बरेचसे तहानेने मेले. तो 1932 मध्ये ताहितीत वारला. त्याने नाव दिलेलं पॅरिस आता ओसाड आहे. गळवाल्यांना ते माहीत आहे ते समोरच्या उत्तम उथळ पट्ट्यामुळे.

ओहोटीचा शेवट. पाणी वाळूवर नुसतं चकाकतंय. 30 डिसेंबर 1777.

लगूनच्या तोंडाशी एक ठेंगणं बेटुकलं आहे. त्यावर तिघं जण दुर्बिणी लावून बसलेत : जेम्स किंग, विल्यम बेली आणि स्वतः जेम्स कुक. ‘रिझोल्यूशन’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही त्यांची जहाजं बाहेर नांगरून आहेत. बेट दिसलं 24 तारखेला, नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणून नाव ख्रिसमस. आज सूर्यग्रहण आहे. नऊपर्यंत ढग. ढग थोडे फाटले तेव्हा सूर्याची उंची घेऊन कालमापक तपासून घेतला, तोवर पुन्हा ढग. साडेनऊला बघतात तर ग्रहण लागून गेलेलं. पुढे आणखी गंमत. वरून सूर्य आणि खालून वाळूची झळ, दोन्हींमध्ये कुक इतका भाजून निघतो की ग्रहण सुटायला पाऊण तास असताना तो दुर्बीण सोडून देतो. प्रशांत महासागर पालथा घालणाऱ्या माणसाला या वाळूने उठवून लावलं. उन्हाचा हा मार तुम्हाला आज सकाळपासून ठाऊक आहे.

जहाजावर के-1 हे कालमापक आहे, लारकम केंडलने बनवलेलं, हॅरिसनच्या प्रसिद्ध घड्याळाची नक्कल. त्याच्यावर ग्रीनिचची वेळ चालते. इथली वेळ सूर्यावरून काढायची. दोन्हींतल्या फरकावरून रेखांश. समुद्रात आपण कुठे आहोत हे कळायला आधी किती वाजले ते कळावं लागतं. पुढे दोनशे वर्षांनी याच पाण्यात किती वाजता यावरून मासा कुठे ते कळणार आहे.

खलाशी मात्र ग्रहणासाठी थांबलेले नाहीत. ते कासवं उलटी करतायत. हिरवी कासवं, एकेक चाळीस-पंचेचाळीस किलोंची. दोन्ही जहाजांसाठी मिळून सुमारे तीनशे भरली. पाठीवर उलटं टाकलं की कासव हलू शकत नाही आणि मरतही नाही, म्हणून जहाजावर आठवडेच्या आठवडे ताजं मांस. गळाने धरलेले मासे वेगळेच. दोन खलाशी बेटावर भरकटले. गोडं पाणी कुठेच नाही. एकाने कासव मारून त्याचं रक्त प्यायलं. दुसऱ्याला ते घशाखाली उतरवता येईना. दोघंही सापडले. 2 जानेवारीला जहाजं उत्तरेला निघाली ती हवाईला लागली, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कुक तिथेच मारला गेला.

बेटावर तेव्हा माणूस नव्हता. पण जुन्या पॉलिनेशियन दर्यावर्दींच्या वावराच्या खुणा संशोधकांना पुढे सापडल्या. कुणीतरी आलं होतं, बहुधा पाण्याअभावी गेलं होतं.

कुक इथे कासवं मोजत होता तेव्हा इथल्या बोनफिशच्या जातीला शास्त्रीय नाव मिळून दोनच वर्षं झाली होती, आणि तेही हजारो मैलांवर. तांबड्या समुद्रात डॅनिश मोहिमेबरोबर गेलेल्या पेटर फोर्सकॉलने या माशाचं वर्णन लिहून ठेवलं आणि तो 1763 मध्ये येमेनमध्ये मलेरियाने वारला. त्याची बाडं सांभाळली सोबती कार्स्टेन नीबूरने, आणि 1775 मध्ये छापून घेतली. हा नीबूर मधल्या काळात होता कुठे? मुंबईत. 1763 च्या सप्टेंबरात तो तिथे पोचला, वर्षभराहून जास्त राहिला, आणि घारापुरीला पुन्हा पुन्हा होडीने जाऊन त्याने तिथल्या लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली. घारापुरीच्या त्रिमूर्तीची युरोपात गाजलेली सुरुवातीची चित्रं त्याची. जिभेवर फरशी असलेल्या या माशाची आणि शंकराची अशी गाठ एका माणसाच्या हातून पडली आहे, आणि मला तरी ती फार आवडते.

पाणी वळलं. भरती. आता वर्षं एकदम चढतात. दोन पावलांत तुम्ही आजच्या दुपारी उभे असता. काठी हातात आणि साठी पार केलेला गाईड शेजारी.

भरतीला मासे समुद्राकडच्या कडेने पट्ट्यावर चढतात, म्हणून तुम्ही दोघं कडेला जाऊन उभे राहता. बाहेरच्या बाजूचं प्रवाळ बघा, बरंचसं करड्या रंगाचं, शेवाळलेलं. 2015-16 चा एल निन्यो. पाणी महिनोन् महिने तापलेलं राहिलं आणि बेटाभोवतीच्या प्रवाळाचा फार मोठा भाग मेला. 1982 मध्ये पक्षी उडून गेले होते आणि परतले. प्रवाळाला उडता येत नाही. लगूनमधल्या वाळूवर राहणाऱ्या इकारीला त्याचं लगेच काही वाटलं नसावं, पण त्याची पिल्लं मोठी होतात ती बाहेरच. अंडी उघड्या समुद्रात, पौर्णिमेच्या आसपास. अंड्यातून निघालेलं पोर म्हणजे पारदर्शक फितीसारखं काहीतरी, ज्याला अजून मासा म्हणवत नाही. दोनेक महिने ते प्रवाहावर वाहतं आणि मग चक्क आखूड होत होत किनाऱ्याला लागतं. ते कुठल्या बेटाचं आणि कुठल्या बेटावर लागलं, कोण सांगणार?

गाईडला चिंता दुसरी आहे. बेटावर आज सात हजारांच्या वर माणसं. तारावात दाटी झाली म्हणून सरकारने माणसं इकडे आणून वसवली. माणूस म्हटला की जेवण आलं, जेवण म्हटलं की जाळं आलं. पौर्णिमेआधी इकारी थव्याने निघतो तेव्हा वाटेत एक लांब जाळं आडवं लावलं की शेकडो मासे एका रात्रीत. पाहुणे हे ऐकून कपाळाला हात लावतात. धरून सोडा म्हणतात. परतीचं तिकीट खिशात असलेल्याने हे म्हणणं सोपं असतं. गाईड वाद घालत नाही. त्याच्या घरात चुलत्याचं जाळं आहे आणि त्याचा पगार जिवंत माशावर आहे. कासव, नारळ, बॉम्ब, प्रत्येक वेळी बाहेरून कुणी आलं आणि बेट कशासाठी वापरायचं ते ठरवून गेलं. गळवाल्यांचा धंदा त्यांतल्या त्यांत सगळ्यात कमी ओरबाडणारा, हे खरं. त्यात इथल्या माणसाचं ज्ञान विकलं जातं आणि त्याचे पैसे त्याला मिळतात, हेही खरं. पण मासा कुणाचा, याचं उत्तर काठीवाल्याने देऊ नये एवढं मला वाटतं.

“एक वाजता. साठ फूट. मोठा.”

हा बोनफिश नव्हे. काळपट, रुंद खांद्यांचा, गाडीसारखा येतोय. जीटी, जायंट ट्रेवली. तुमच्या हातातली आठ नंबरची काठी त्याच्यापुढे काडी. बारा नंबरची होडीत राहिलीय. तो तुमच्या दोघांमधून, खरंच मधून, जातो, आणि दोघंही नुसते बघत उभे राहता. गाईड शिवी हासडतो आणि मग हसायलाच लागतो.

चार वाजता होडी न्यायला येते. धक्क्यावर उतरल्यावर गाईड घाईत असतो, त्याची स्वतःची मासेमारी आता सुरू व्हायचीय. लाकडी रिळाला गुंडाळलेली साधी दोरी, गळ आणि खुब्याचा तुकडा. रात्री मुलाबरोबर बाहेरच्या कड्यावर, लाल मासा मिळेल, नाहीतर मिळेल तो. तुम्ही निरोपाचं म्हणून फ्लायची डबी उघडून त्याच्यापुढे धरता. मण्यांचे डोळे, गुलाबी दोरे, चकाकती तार, डझनांनी. तो बोटाने त्या सगळ्या बाजूला सारतो, तळाशी पडलेले मोठे, नागवे गळ वेचून घेतो आणि डबी मिटून परत देतो.

“या राहू द्या,” तो म्हणतो. “उद्या लागतील. सहाला तयार रहा, पाणी तासभर उशिरा आहे.”